खालचे तीन फूट गेरूचे

गेल्या अंकात नागपूरच्या वर्धा रोडवरच्या रंगीत भिंतींबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं मला झोडपणारी. ती फाइलला लावून ठेवली आहेत. उरलेल्यांतले सहा प्रश्न घेते. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: माझे बाबा सीताबर्डीत सिनेमाची बॅनरं रंगवायचे, मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि आमच्या घरी ब्रश धुवायचा डबा कोणता नि चहाचं पातेलं कोणतं, यावरून आजही भांडणं होतात.

ग्राफिटी आणि स्ट्रीट आर्ट यांत नेमका फरक काय? माझे मित्र म्हणतात, परवानगी घेतली की ती ग्राफिटी राहत नाही, सजावट होते.
*– चित्रकलेचा विद्यार्थी, लक्ष्मीनगर*

तुझे मित्र निम्मे बरोबर आहेत, आणि त्या वयात निम्मं बरोबर असणं पुष्कळ झालं.

ग्राफिटी हा शब्द इटालियन. मूळ अर्थ ओरखडे. पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, आणि उकरल्यावर भिंतींवर हजारोंनी लिखाण सापडलं. अमक्याला निवडून द्या, तमकी माझी, तमका नालायक. तुमच्या कॉलेजच्या बाकांवर कर्कटकाने कोरलेलं असतं ना, तेच.

आज ज्याला ग्राफिटी म्हणतात ती १९६०च्या दशकाच्या शेवटी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमध्ये वाढली. न्यूयॉर्कमधला एक ग्रीक वंशाचा पोरगा कागदपत्रं पोचवायचं काम करायचा. शहरभर फिरताना जिथे जाईल तिथे मार्करने लिहायचा 'टाकी १८३'. टाकी हे घरचं लाडाचं नाव, १८३ हा घराच्या रस्त्याचा नंबर. २१ जुलै १९७१ला न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि बाकीच्या पोरांना चेव आला. त्यात चित्र नव्हतं, संदेश नव्हता, नुसतं नाव होतं. मी इथून गेलो, एवढंच. पुढे त्या अक्षरांना फुगे आले, बाण आले, सावल्या आल्या, आणि ती इतकी वळली की तुला-मला वाचता येईनात. वाचता यावीत अशी लिहिणाऱ्याची इच्छाही नसते. ग्राफिटीवाला लिहितो ते दुसऱ्या ग्राफिटीवाल्यासाठी.

स्ट्रीट आर्ट मात्र रस्त्याने जाणाऱ्यासाठी असतं. मला दिसणारा फरक हा एवढाच. परवानगीवर बोट ठेवलंस तर फसशील. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा चित्रकार बँक्सी स्टेन्सिल, म्हणजे कापून तयार ठेवलेला साचा, वापरतो, कारण कोणी यायच्या आत काम उरकतं. परवानगी तो मागत नाही, तरी त्याला सगळे स्ट्रीट आर्टिस्ट म्हणतात. उलट, दिल्लीत एकाने आपलं टोपणनाव 'डाकू' शहरभर देवनागरीत रंगवलं. नाव लिहिणं म्हणजे चोख ग्राफिटी, पण भाजीवाल्यालाही वाचता येते. आता बसव याला तुझ्या खणात!

सजावटीबद्दल मित्रांचं म्हणणं मात्र मनाला लागलं. २०१८मध्ये लंडनच्या लिलावात बँक्सीचं फुगेवाल्या मुलीचं चित्र विकलं गेलं आणि हातोडा पडताच फ्रेममध्ये लपवलेल्या यंत्राने ते अर्धं कातरलं. बाजाराला चपराक म्हणून केलेला खेळ. २०२१मध्ये तेच कातरलेलं चित्र सुमारे १ कोटी ८५ लाख पौंडांना गेलं. आमच्या बाबांची कितीतरी बॅनरं वादळात फाटली. भाव वाढल्याचं एकदाही ऐकलं नाही.

आमच्या सोसायटीच्या नव्या संरक्षक भिंतीवर महिन्यात तीन वेळा कोणीतरी काळ्या स्प्रेने वेडंवाकडं नाव लिहून गेलं. पोलिसांत द्यावं का?
*– सोसायटीचे सचिव, मनीषनगर*

देऊ शकता. महाराष्ट्रात १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. लोकांच्या नजरेस पडणारी भिंत शाई, खडू, रंग कशानेही खराब केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या कायद्याने पोरगं हाती लागेल का, ते तुमच्या सीसीटीव्हीला विचारा.

तुमची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये संशोधकांनी एका टपालपेटीतून पाच युरोची नोट दिसेल असं पाकीट अर्धवट बाहेर ठेवलं होतं. पेटी स्वच्छ असताना शंभरातल्या तेरा जणांनी पाकीट लांबवलं. पेटीवर ग्राफिटी असताना सत्तावीस जणांनी. हे २००८ साली छापून आलं. तेव्हा भिंतीकडे कोणी बघत नाही असं दिसलं की माणूस सैल सुटतो, हे खरं.

पण पोलिसांआधी रंगाचा डबा. लिहिलेलं त्याच दिवशी पुसा. लिहिणाऱ्याला हवं असतं ते टिकणं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने हेच केलं. रंगवलेला डबा साफ झाल्याशिवाय रुळावर सोडायचाच नाही, असं वर्षानुवर्षं चालवून मे १९८९मध्ये शेवटचा रंगवलेला डबा काढला. आणि एक सांगू? महिन्यात तीनदा, तुमच्याच भिंतीवर, वॉचमनची डुलकी साधून! पोरगा तुमच्याच 'बी' विंगचा असणार. सापडला तर मीटररूमची भिंत त्याच्या नावे करून टाका.

आमच्या शाळेला रस्त्याकडची चाळीस फुटी भिंत रंगवायला देणगी मिळाली आहे. विषय खर्रा-विरोध, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या खर्ऱ्याविरुद्ध. घोषवाक्यं सुचवा. देणगीदारांना कवटीचं चित्र हवं आहे.
*– शिक्षिका, काटोल रोड*

घोषवाक्य मी सुचवणार नाही. रागावू नका, कारण सांगते, जरा लांबण लागेल.

नव्वदीच्या सुरुवातीला साक्षरता अभियान जोरात होतं. आठवीच्या दहा-बारा पोरींना घेऊन मी एका वस्तीत भिंत रंगवायला गेले. सुतळी खडूत बुडवून सरळ रेघा मारल्या, पिवळं अस्तर दिलं, त्यावर निळी टपोरी अक्षरं: 'अंगठा सोडा, अक्षर जोडा'. यमकावर मी खूश. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. काम संपत आल्यावर तिने विचारलं, "काय लिवलं वो बाई?" मी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग मले कायले दाखवून राहिली? मले तं वाचता येत नाही. ज्याले येते त्याले सांगून काय फायदा?"

पोरी हसल्या. मला घाम फुटला, आणि तो एप्रिलचा नव्हता.

रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी अक्षरांवर पुन्हा पिवळा हात मारला आणि चित्र काढलं: एसटी स्टँडवर चुकीच्या गाडीत चढणारी बाई, तिच्या कडेवर पोर, आणि योग्य गाडी मागून सुटते आहे. एकही अक्षर नाही. म्हातारी रोज यायची आणि लुगड्याचा रंग चुकला म्हणून मला नावं ठेवायची. पण यायची. तिच्याबरोबर आणखी दोघी यायच्या, आणि त्यांतल्या एकीने स्वतः अशीच चुकीची गाडी धरून भलतंच गाव कसं गाठलं होतं, ते मला तीनदा ऐकवलं.

सरकारलाही हे कधीकाळी कळलं होतं. साठीच्या दशकात कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला, दीप त्यागी नावाच्या अधिकाऱ्याच्या डोक्यातून. सोबत आई-बाप आणि दोन पोरांचे चार हसरे चेहरे. 'दो या तीन बच्चे, बस' हे शब्द खाली होते, पण ज्या बाईपर्यंत पोचायचं ती बहुधा न शिकलेली, म्हणून भार चेहऱ्यांवर टाकला होता. त्या मोहिमेत पुढे काय काय झालं त्याचा हिशेब वेगळा. चित्र मात्र गावोगाव ओळखीचं झालं.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. १९८६मध्ये चित्रकार कीथ हॅरिंगने हायवेलगतच्या एका खेळाच्या मैदानातली भिंत भगव्या रंगाने भरली आणि लिहिलं 'क्रॅक इज वॅक'. क्रॅक हे तेव्हा शहर पोखरणारं व्यसन, वॅक म्हणजे रद्दड, बेकार. परवानगी नव्हती. पण ते तीन शब्द रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडचे होते, आणि हॅरिंगचा स्वतःचा मदतनीस त्या व्यसनात अडकला होता. दुसऱ्याच्या पोरांना उपदेश करायला तो गेला नव्हता. शहराने पुढे ती भिंत जपली.

आता तुमची भिंत. रंग आणायच्या आधी तिच्यासमोर तीनदा बसा: सकाळी सातला, दुपारी दोनला, संध्याकाळी साडेसहाला. कोण जातं, कोण थांबतं, कोण टेकतं ते बघा. ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या मोटारसायकलला चाळीस फूट ओलांडायला सेकंदाच्या थोडा वर वेळ लागतो. तेवढ्यात 'तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन आरोग्यास अपायकारक' कोणी वाचेल? चार शब्दांच्या वर जाऊ नका. अक्षरांचं माप बाबा सांगायचे: दहा फुटांना एक इंच. रस्त्यापलीकडून, साठ फुटांवरून वाचायचं तर सहा इंच म्हणजे जेमतेम, बारा ठेवा. आणि ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडा. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार. दाटीने लिहिलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि लांबून सगळी नुसती जाळी दिसते. निम्म्या शहरातल्या पाट्या याच एका चुकीने मेल्या.

शब्द मुलांकडून घ्या. गुटख्यावर बंदी २०१२पासून आहे, तरी पानठेल्यावर खर्रा घोटून मिळतोच. मुलांच्या घरात तो रोज येतो. बाबांचा सकाळचा पहिला खर्रा, काकाचं तोंड आता दोन बोटांइतकंच उघडतं, आजोबा तिखट खाऊ शकत नाहीत, हे त्यांना ठाऊक असतं. दोन बोटांइतकं उघडलेलं तोंड आणि समोर अख्खी संत्र्याची फोड. नागपूरच्या माणसाला याहून जास्त काय समजावायचं?

कवटी नको. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावर कवटी असते, आणि त्याच डब्याला टेकून लोक खर्रा घोटत उभे असतात. देणगीदारांचं नाव घाला, पण कोपऱ्यात, चार इंचांत. ते नाव संदेशाहून मोठं झालं की भिंत जाहिरातीची झाली.

हे सगळं परदेशी खूळ आहे. आपल्या शहराला रस्त्यावर चित्रं मिरवण्याची काय गरज? संत्र्याचं नि दीक्षाभूमीचं शहर म्हणून ओळख पुरेशी नाही का?
*– निवृत्त कारकून, महाल*

काका, तुम्ही राहता महालात आणि हे मला विचारता! चितार ओळ तुमच्यापासून किती पावलांवर? पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती आणि रंग यांवर जगणारी घरं आहेत तिथे.

आणि मारबत? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी नि पिवळी मारबत निघते, मागे बडगे, सगळे पुतळेच. बांबूचा सांगाडा, कागद, रंग, गळ्यात पाटी. कधी महागाईचा बडगा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे शहर आपला राग रंगवून रस्त्यावर आणतं, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून गल्लीबोळांतून फिरवतं आणि शेवटी जाळून टाकतं. सार्वजनिक कलेतून सामाजिक संदेश असं लांबलचक नाव आपण त्याला दिलं नाही, एवढंच.

मला तर वाटतं, भिंत रंगवणाऱ्यांनी बडग्याकडून एक गोष्ट उचलावी: मरायचं कधी. बडगा सकाळी निघतो आणि त्याच दिवशी जळतो, म्हणून पुढच्या वर्षी नवा राग नव्या रंगात येतो. भिंतीवरचा संदेश मात्र तसाच राहतो. आमच्या घराजवळ कोरोना योद्ध्यांना सलाम करणारी भिंत अजून आहे. डॉक्टरांचा मास्क उडालाय, डोळे राहिलेत, आणि त्यांच्या कपाळावर शिकवणीची जाहिरात चिकटली आहे. याला सलाम म्हणायचं का?

तुमच्या 'परदेशी' शब्दाचा मला वेगळाच उपयोग आहे. नागपुरात शाळेची भिंत रंगवायची म्हटलं की दहांतले नऊ जण वारली काढतात. तारप्याभोवती फेर धरणारी तीच माणसं, तोच गोल. वारली सुंदरच, पण ती पालघर-डहाणूकडची. लग्नघरात बायका गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात देवीला बसवतात. त्या चौकाचा आपल्या कंपाउंडवर पट्टा करून टाकला, आणि गोंड राजा बख्त बुलंदने १७०२मध्ये वसवलेल्या शहराला गोंडांच्या रेषेची आठवणही नाही. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढसिंह श्यामांनी ठिपक्या-रेघांतून जे प्राणी उभे केले, ते एकदा तुमच्या नातवंडांना दाखवा.

एका सार्वजनिक इमारतीच्या भिंतीवर महिनाभर खपून चित्र काढलं, रीतसर सांगून. सहा महिन्यांत, मला न कळवता, चुना मारला. माझा काही हक्क आहे का?
*– तरुण चित्रकार, नंदनवन*

आहे, पण तो वापरायला आयुष्य लांब लागतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमात लेखक-कलावंताचा एक खास हक्क आहे: कृती विकली, हक्क दिले, तरी तिची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला धक्का लावता येत नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं कांस्याचं भलंमोठं म्युरल, म्हणजे भित्तिशिल्प, १९७९मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. ते सरकारविरुद्ध कोर्टात गेले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पाच लाखांची भरपाई आणि उरलेलं म्युरल परत. काढल्यापासून निकालापर्यंत सव्वीस वर्षं. दुसरी बाजूही ऐक. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह पाडल्यावर त्याचे वास्तुविशारद याच कलमाचा आधार घेऊन गेले, तेव्हा २०१९मध्ये त्याच न्यायालयाने मालकाचा पाडण्याचा हक्क मोठा मानला. तेव्हा भरवसा धरू नकोस.

न्यूयॉर्कमधल्या 'फाइव्ह पॉइंट्झ' या ग्राफिटीने भरलेल्या इमारतीच्या मालकाने २०१३मध्ये एका रात्रीत भिंती पांढऱ्या केल्या; पुढे २१ कलावंतांना मिळून साठ लाख डॉलरांहून जास्त भरपाई द्यावी लागली, कारण तिथे १९९०चा त्यासाठीचा कायदा आहे. आणि इटलीतल्या बोलोन्यात ब्लू नावाच्या चित्रकाराने २०१६मध्ये आपलीच वीसेक वर्षांतली चित्रं करड्या रंगाने पुसली, कारण रस्त्यावरची चित्रं काढून प्रदर्शनात मांडली जात होती. पुसण्याचाही हक्क त्याने आपल्याकडेच ठेवला. मला तो माणूस आवडतो.

तुझ्यापुरतं: पुढच्या वेळी तोंडी 'हो' घेऊ नकोस. अर्ध्या पानाचं पत्र घे, त्यात किती वर्षं ठेवणार आणि पुसण्याआधी किती दिवस कळवणार हे लिहून. काम संपलं त्याच दिवशी नीट फोटो. आणि निवडणूक जवळ असेल तर थांब. आचारसंहिता लागली की सरकारी जागेवरचा प्रचार २४ तासांत पुसायचा असतो. चुन्याची बादली घेऊन निघालेला माणूस चित्र कोणतं नि प्रचार कोणता, हे बघत बसत नाही.

आमच्या गल्लीतली भिंत आम्ही मुलांनी रंगवली. वरचं चित्र छान आहे, पण उन्हाने रंग उडतोय आणि खाली लोक थुंकतात. देवांच्या टाइल्स लावाव्या का?
*– गृहिणी, गिट्टीखदान*

टाइल्स नका लावू. देवाला वॉचमनची नोकरी देणं मला पटत नाही. शिवाय लोक टाइलच्या बाजूला थुंकतात, अगदी नेम धरून.

उन्हाचं आधी. मे महिन्यात भिंत रंगवली असेल तर तिथेच घात झाला. दुपारी भिंतीला हात लावता येत नाही, रंग वरच्या वर सुकतो, धरत नाही आणि पहिल्या पावसात पोपडे येतात. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत काम करा, जुना रंग खरवडून, प्रायमर देऊन. पश्चिमेकडच्या भिंतीवर भडक लाल-गुलाबी स्वस्तातले रंग टाळा, ते आधी उडतात. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना हे बापजाद्यांचे रंग उन्हाला दाद देत नाहीत.

थुंकण्याचं बाबांनी सोडवून ठेवलं आहे. टॉकीजच्या जिन्यात त्यांनी कधीही पांढरं खाली येऊ दिलं नाही. चित्र जमिनीपासून तीन फुटांवर सुरू करा. खालचे तीन फूट सपाट गेरूचे, अगदी खर्ऱ्याच्या रंगाचे. थुंकणारा थुंकेलच, पण त्याची पिचकारी उठून दिसणार नाही आणि आठवड्याला एक बादली पाण्यात भिंत निघेल. दुकानात रेड ऑक्साइड म्हणून मागा, गेरू मागितला तर दुकानदार तुळशीवृंदावनापुरती पुडी देईल.